सेव्हिलचा भाचा, कुडलचा महादेव

स्पेनमधल्या सेव्हिल शहरात दोन वर्षं नोकरी करून भाचा मंद्रूपला मामाकडं आला आणि पहिल्या चहालाच म्हणाला, "आमच्या स्पेनमध्ये..." त्यातला 'आमच्या' तेवढा मामांनी टिपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी हत्तरसंग कुडल बघायला सकाळी सातला निघायचं ठरलं. मामांचं सात म्हणजे अंघोळीचं पाणी तापायला ठेवण्याची वेळ. मग शेजारी चहा, चौकात चहा, गाडीत हवा. सोलापूर-विजयपूर रस्त्याला लागेपर्यंत पावणेदहा झाले. वाटेत भाच्यानं सेव्हिलच्या हिराल्डा मनोऱ्याचं वर्णन केलं. उंची 104 मीटर; आत जिन्याऐवजी 35 चढणी, का तर बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं.

"आणि वर गेलेलं घोडं वळवायचं कसं बे?" मामांनी विचारलं. दोन वर्षांत हा प्रश्न भाच्याच्या डोक्यात आला नव्हता.

कुडलला भीमा आणि सीना मिळतात. संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. ज्या भाषेत मामा पेट्रोलच्या दरावर बोलतात, ती इथं हजार वर्षांपूर्वी दगडावर बसली. सेव्हिलचं प्रचंड कॅथेड्रल बांधून झालं सोळाव्या शतकात. हा हिशेब मामांनी मोठ्यानं केला आणि गप्प बसले. ते गप्प बसणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर 359 मुखं. भाचा मोजायला बसला. ओळीमागून ओळ, बारीक बारीक चेहरे, 174 पर्यंत आला आणि मामांनी हाक मारली, "चहा घेणार का?" आकडा गेला.

"वर्षाचे दिवस 365, मग मुखं सहा कमी कशी?" भाच्यानं चिडून विचारलं.

"सहा दिवस देव रजेवर असतोय."

ऊन चढलं तशी मंडळी लिंबाखाली बसली. मार्चअखेरचं ते ऊन भाच्याला नवं नव्हतं. सेव्हिलचा उन्हाळाही चाळिशी ओलांडतो, आणि तिथं गल्ल्यांवर कापड ताणून सावली करतात. आता तो तापासवर आला. छोट्या छोट्या बशा, गप्पा मारत खायच्या. 'तापा' म्हणजे झाकण. माशा पडू नयेत म्हणून पेल्यावर पावाचा तुकडा ठेवत, त्यातून हे सुरू झालं अशी तिकडची एक कथा. मामींनी डबे उघडले: शेंगाचटणी, ठेचा, कांदा, घट्ट दही. माशा आल्याच. मामींनी एक कडक भाकरी उचलून दह्याच्या वाडग्यावर ठेवली.

"हं, तुझं तापास."

भाच्यानं झाकण मोडून खाल्लं. आवाज मामांपर्यंत गेला. एवढं कडक झाकण सेव्हिलच्या माशीनंही बघितलं नसेल. तेवढ्यात त्यानं प्रांजळपणे एक कबूल केलं, की सेव्हिलच्या रस्त्यांवर संत्र्यांनी लगडलेली झाडं असतात. पहिल्याच आठवड्यात त्यानं गुपचूप एक तोडून खाल्लं आणि अर्धा तास तोंड वाकडं होतं. ती संत्री कडू, मुरंब्याच्या कामाची. मामींना हे स्पेन एकदम आवडलं.

जेवणावर वामकुक्षी. 'सिएस्ता' हा शब्द लॅटिनमधल्या सहाव्या तासावरून आला, म्हणजे भर दुपार, असं भाचा सांगू लागला. त्यांनी झोपेला तास बघून नाव दिलं, आपण कूस बघून. वाक्य संपेपर्यंत मामा घोरायला लागले होते, तेही उजव्या कुशीवर.

घरी परतायला दिवस मावळला. साडेसातलाच भाच्याला भूक लागली.

"स्पेनला किती वाजता जेवतात म्हणालास?" मामींनी विचारलं.

"दहाला," भाचा अभिमानानं म्हणाला.

मामींनी चुलीपुढचा पाट उचलला आणि शेजारी गप्पांना गेल्या. पावणेदहाला मामांनी बाजेवर पेंगणाऱ्या भाच्याला हलवलं. "ऊठ बे, तुमच्या स्पेनची वेळ झाली."