वरचे आणि खालचे

फ्लॅटमध्ये राहणारी माणसं दोनच प्रकारची, वरचे आणि खालचे. एरवी हा भेद जाणवत नाही. छताला ओल आली की जाणवतो. आधी बशीएवढा पिवळसर डाग, मग रंगाचे पोपडे, मग पांढरा भुरभुरीत लोणा. अशा वेळी खालचे वर जातात, चपला दाराबाहेर काढतात आणि आवाजात जमेल तेवढा गोडवा आणून विचारतात, "काकू, तुमच्या बाथरूममध्ये काही गळतंय का हो?" काकू म्हणतात, "छे हो, आमच्याकडे सगळं कोरडं आहे." यात खोटं काही नसतं. ज्याची गळती त्याचं घर कोरडंच. पाणी तर खाली गेलेलं असतं.

बरं, ते सरळ खाली येईल याचीही खात्री नाही. बाथरूममधून निघालेलं पाणी स्लॅबमधल्या फटीतून, वायरिंगच्या पाइपातून रमतगमत थेट हॉलमधल्या पंख्याशी प्रकटतं. म्हणून जागेआधी वेळ पकडावी. डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख घालावी. डाग फक्त पावसाळ्यात रेघ ओलांडत असेल तर संशय गच्चीवर किंवा बाहेरच्या भिंतीवर. ऐन मे महिन्यातही पसरत असेल तर नळ, पाइप, न्हाणी यांपैकी कुणीतरी. सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का ते बघा, असं जाणकार सांगतात. पण पुष्कळ सोसायट्यांत मीटर सगळ्यांचा मिळून एकच, आणि साऱ्या इमारतीचे नळ एका वेळी बंद राहण्याचा योग महापालिकेने पाणी तोडल्याशिवाय येत नाही.

फ्लशची परीक्षा सोपी. जिलबीचा उरलेला रंग टाकीत घालायचा आणि अर्धा तास कुणाला तिकडे फिरकू द्यायचं नाही. फ्लश न ओढता भांड्यात केशरी ओघळ उतरला की समजावं, टाकी गळते आहे. ही गळती खालच्यांना छळत नाही, नुसतं बिल फुगवते.

खरी कसोटी न्हाणीची. जाळीखाली कापडाचा बोळा कोंबून बाथरूममध्ये दोन बोटं पाणी साठवायचं आणि २४ तास तसंच ठेवायचं. वरच्यांनी पातळी बघायची, खालच्यांनी छत. गोम एवढीच, की तेवढा वेळ वरच्यांच्या अंघोळीची पंचाईत. आमचे वरचे काका खांद्यावर पंचा टाकून, साबणाची डबी घेऊन आमच्याकडे उतरले. अंघोळ झाली, डोकं पुसता पुसता मान वर गेली, आणि नेमका त्याच वेळी एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. "हे आमचं?" त्यांनी हळूच विचारलं.

पुढचं भराभर झालं. प्लंबरने नाण्याने फरशी ठोकून "पोकळ आहे" म्हटलं आणि समस्त प्लंबरांचा ठरलेला प्रश्न केला, "हे काम आधी कुणी केलं होतं?"

गच्चीची गळती सोसायटीने निस्तरायची, घरातल्या संडास-सिंकची त्या सभासदाने, असं आदर्श उपविधींत लिहिलेलं आहे. नियम स्पष्ट आहे. पण त्याने कुणाला स्वतःच्या फरशीतून आरपार दिसू लागत नाही. त्यासाठी वरच्यांना एकदा खाली यावंच लागतं. म्हणून सेक्रेटरींना पत्र लिहिण्याआधी वरच्यांना चहाला बोलवावं, आणि खुर्ची बरोबर डागाखाली मांडावी.