डबा शोधण्याची शास्त्रोक्त पद्धत (पिट्सबर्ग आवृत्ती)

हे मार्गदर्शन मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी पिट्सबर्गला आलेल्या, नायगारा पाहून झालेल्या, वेंकटेश्वराच्या देवळात जाऊन आलेल्या आणि आता खिडकीत बसून खारी मोजणाऱ्या आईबाबांसाठी आहे. इतरांनी वाचायला हरकत नाही, पण त्यांच्याकडे एवढा वेळ असेल असं वाटत नाही.

प्रथम विषयप्रवेश. जिओकॅशिंग म्हणजे एकाने कुठेतरी डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, दुसऱ्याने मोबाइल घेऊन तो शोधायचा, आतल्या चिठोऱ्यावर नाव-तारीख लिहायची आणि डबा जिथे होता तिथेच परत ठेवायचा. ‘‘अरे, मग मिळालं काय?’’ असं बाबा विचारतील. विचारू द्यावं. अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात बादली नेऊन ठेवली. लष्करी उपग्रहांचा इतका तातडीने आणि इतका निरुपयोगी वापर दुसरा नसेल. त्या बादलीत पुस्तकं होती, गलोल होती आणि शिजवलेल्या घेवड्याचा एक डबाही होता. आता मात्र खाण्याचे पदार्थ ठेवायला मनाई आहे, कारण वासावर जनावरं येतात. तेव्हा आईंनी भडंगाची पुडी घरीच ठेवावी. ‘‘एखाद्याला तेवढाच आधार’’ हा युक्तिवाद मान्य होणार नाही.

डब्यातली वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची वस्तू त्यात टाकावी, असा संकेत आहे. पाच रुपयांचं नाणं चालेल. त्याची डॉलरमध्ये किंमत काढू नये, फेरी तिथेच संपेल.

आता मुख्य सूचना. ती चष्मा लावून वाचावी. पिट्सबर्गमध्ये मोबाइलने दाखवलेल्या अंतरावर विश्वास ठेवू नये. मोबाइल अंतर सांगतो ते आडवं, आणि हे शहर उभं आहे. यंत्र ‘बारा फूट’ म्हणतं तेव्हा डबा बारा फुटांवर असतोच, फक्त तुम्ही कड्याच्या वर असता आणि तो खाली. रस्ता शोधायला जावं, तर नकाशावर नावासकट छापलेला रस्ता प्रत्यक्षात जिना निघतो. असे सार्वजनिक जिने या शहरात सातशेहून अधिक आहेत आणि त्यांतले कित्येक सरकारदरबारी रीतसर रस्ते म्हणून नोंदलेले आहेत. मुलाने सकाळी ‘‘रस्ता सरळ आहे, बाबा’’ असं म्हटलेलं असतं. ते खोटं नव्हतं.

हीच अडचण दीडशे वर्षांपूर्वी इथल्या कामगारांची होती. नदीकाठची सपाट जमीन कारखान्यांनी आणि रेल्वेने अडवलेली, म्हणून घरं टेकडीवर. त्या टेकडीला तेव्हा ‘कोल हिल’ म्हणत, कारण तिच्या पोटातून कोळसा काढत. आज तिचं नाव माउंट वॉशिंग्टन आहे आणि तिथल्या जागांचे भाव ऐकून बाबा मुंबईची आठवण काढतात. बारा तास भट्टीपुढे उभं राहिलेल्या माणसाला घर समोर दिसायचं, आणि गाठायचं तर पायऱ्या. त्यावर तोडगा म्हणून २८ मे १८७० रोजी मोनोंगहेला इन्क्लाइन, म्हणजे रुळांवरून दोराने टेकडीवर ओढली जाणारी गाडी, सुरू झाली. रूळ ६३५ फूट, चढ ३६९ फूट, म्हणजे जमिनीवरून मोजलं तर जेमतेम पाचशे फूट अंतर. मोबाइल हा शेवटचा आकडा दाखवील आणि वर ‘आलंच’ असा आव आणील.

फेरी इथूनच सुरू करावी. स्मिथफील्ड स्ट्रीटचा १८८३ सालचा पूल चालत ओलांडला की समोर खालचं स्टेशन. गाडीत तीन खण आहेत, पायरीपायरीने चढत गेलेले, त्यामुळे रूळ पस्तीस अंशांत तिरके असले तरी बसणारा सरळ बसतो. सर्वांत वरचा खण पकडावा. बाबा तळाच्या खणात बसतील, कारण तो दारापासून जवळ आहे. दोन गाड्या एकाच यंत्रणेला तारेच्या दोरांनी बांधलेल्या असतात. एक उतरताना दुसरीला वर ओढते आणि मोटरला फक्त फरकाचं वजन पेलावं लागतं. बाबा निवृत्त इंजिनिअर असतील तर हे त्यांनाच समजावू द्यावं. काही डब्यांसाठी आधी प्रश्नपत्रिका सोडवावी लागते, तीत ‘गाडीत किती खण?’ यासारखे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं जोडून पुढचे अक्षांश-रेखांश निघतात. म्हणून मोजणीवरून भांडू नये. आईंचा आकडा घ्यावा.

या गाडीमागे एक कौटुंबिक बाजू आहे, ती आईंसाठी राखून ठेवावी. मोनोंगहेला इन्क्लाइन उभारली जॉन एंड्रेस या अभियंत्याने, आणि त्याच्या मदतीला त्याची मुलगी कॅरोलिन होती. १८७० साली बाई इंजिनिअरिंगचं काम करते आहे, हे लक्षात घ्यावं. तिने पुढे सॅम्युएल डीशर नावाच्या अभियंत्याशी लग्न केलं. पलीकडची ड्युकेन इन्क्लाइन, २० मे १८७७ ची, ती या डीशरची. एकोणिसाव्या शतकात या शहरात सतराएक इन्क्लाइन होत्या. आज उरल्या दोन, एक सासऱ्याची आणि एक जावयाची. यावर आई काही बोलल्या तर बाबांनी टेकडीचा देखावा पाहावा.

देखावा खरोखर पाहण्यासारखा आहे. वर ग्रँडव्ह्यू अ‍ॅव्हेन्यूवरून साधारण मैलभर चालायचं. खाली ॲलेघेनी आणि मोनोंगहेला मिळून ओहायो होते. ‘‘आमच्या कराडच्या प्रीतिसंगमासारखं!’’ हे वाक्य एकदाच म्हणावं. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भिडतात, इथल्या दोघी शेजारून येतात, हा फरक मुलाने काढू नये. वाटेत जॉर्ज वॉशिंग्टन आणि सेनेका पुढारी गुयासुटा एकमेकांसमोर बसलेले ब्राँझचे पुतळे आहेत. तिथे पायांभोवती वाकून शोधाशोध करणारा माणूस डबेवाला समजावा आणि त्याला दादागिरी न करता मदत करावी.

लोक पाहत असताना शोधू नये, हा या खेळाचा कुळाचार आहे. बूट बांधण्याचं किंवा फोनवर बोलण्याचं सोंग घ्यावं. बाबांना फोनवर हळू बोलण्याची सवय नसल्याने त्यांना बूट द्यावा. आणि रुळांच्या आसपास अजिबात शोधू नये. तिथे डबा ठेवायला परवानगी नसते आणि गाडी चालू असते.

आता खरा कठीण भाग, म्हणजे जे नाही ते पाहणं. नॉक्सव्हिल इन्क्लाइन २,६४४ फूट लांब होती आणि चक्क वळण घेऊन चढायची. १९६० मध्ये गेली. पेन इन्क्लाइन १९५३ मध्ये गेली. कॅसल शॅनन १९६४ मध्ये. मोटारी आल्या, बस आल्या, १९२४ मध्ये टेकडीतून लिबर्टी बोगदे निघाले आणि दोराने ओढलेल्या गाड्यांना कुणी विचारेना. उरली ती कुठे दगडी धरभिंत, कुठे झाडीतून वर गेलेली मोकळी पट्टी, जिच्यावर नवी झाडं अजून जुन्यांपेक्षा ठेंगणी आहेत. एरवी अशा भिंतीकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पण तिच्या कुठल्यातरी फटीत अंगठ्याएवढी डबी आहे म्हटल्यावर माणूस दगड न् दगड चाचपतो, चुना पाहतो, ही भिंत इतकी जाड का, असं विचारतो. इतिहासाच्या मास्तरांना ही युक्ती सुचली नाही, याचं वाईट वाटतं.

ड्युकेन इन्क्लाइनही जाणारच होती. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये बंद पडली. वरच्या वस्तीतल्या लोकांनी पंधरा हजार डॉलर जमवले आणि जुलै १९६३ मध्ये ती पुन्हा चालू केली. आजही आतला लाकडी कारागिरीचा साज शाबूत आहे, आणि वरच्या स्टेशनात थोडी नाणी टाकून यंत्रघर पाहता येतं. त्यातल्या मोठ्या चाकाचे दाते लाकडाचे आहेत. बाबांना तिथून बाहेर काढण्यासाठी निदान अर्धा तास राखून ठेवावा.

डबा सापडल्यावर ओरडू नये. आतली गुंडाळी उलगडायला आईंचे हात लागतात. जागा नखाएवढी असते. ‘श्री.’ आणि ‘सौ.’ लावू नये. आद्याक्षरं, तारीख, जमलं तर गाव. जागा कमी पडली तर गाव गाळावं. बाबा तारीख गाळतील.