घसरण्याचं वेळापत्रक

न्यू जर्सीतल्या कुठल्याही मराठी मित्रमंडळात तबलजी असेलच असं नाही, पुरणपोळी लाटणारं माणूस असेलच असं नाही, पण एक कारभारी असतोच. त्याची निवडणूक होत नाही. कधीतरी गणपतीच्या तयारीच्या बैठकीत 'कागदी ताटल्या किती आणायच्या?' हा प्रश्न बेवारशासारखा पडलेला असतो, सगळे एकमेकांकडे बघत असतात, आणि हा गृहस्थ शांतपणे म्हणतो, "गेल्या वर्षी दोनशे आणल्या होत्या, अडतीस उरल्या. त्यातल्या सहा ओल्या होत्या." झालं. त्या सहा ओल्या ताटल्यांनी त्याचं भवितव्य ठरून जातं.

आमचे कारभारी एडिसनला राहतात. वय पन्नाशीच्या अलीकडे, बांधा मध्यम, जॅकेटला खिसे असंख्य. गाडीच्या डिकीत बारा महिने फावडं, मिठाची पिशवी, जंपर केबल आणि घडीच्या दोन खुर्च्या. नोकरी कुठल्याशा विमा कंपनीच्या संगणक विभागात. पण तिथे त्यांच्या योजनांना कुणी विचारत नसावं, कारण घरी येतात तेव्हा त्या सगळ्या शाबूत असतात. त्यांचं घराणंही तेच. वडील नोकरीतून निवृत्त होईपर्यंत पहाटे साडेचारला उठून रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीसमोर उभे राहत आणि अख्ख्या आळीची तिकिटं काढून आणत. स्वतः ते फारसे कुठे गेले नाहीत. तिकीट कन्फर्म झालं की त्यांचा प्रवास संपायचा.

तर हे कारभारी कोजागिरीच्या रात्री, मसाला दुधाचा दुसरा पेला हातात घेऊन, सालाबादप्रमाणे घोषणा करतात: "यंदा स्नो ट्यूबिंग. पाच कुटुंबं. मी शीट केलीय."

ट्यूबिंग म्हणजे जगातला सगळ्यात बिनडोक खेळ. डोंगरउतारावर बर्फाच्या शेजारीशेजारी लांबलचक पन्हळी केलेल्या असतात. माथ्यावर मोठ्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये बूड टेकायचं, एक पोरगा पायाने ढकलतो, आपण खाली. ट्यूबला सुकाणू नाही, ब्रेक नाही. शिकवणी नाही, म्हणून नापासही होता येत नाही. स्कीइंगच्या वाटेला न जाणारी आपली माणसं इथे गर्दी करतात ती त्यामुळेच. खाली रबरी चटयांवर ट्यूब आपोआप मंदावते, मग ती दोरीने ओढत सरकत्या पट्ट्यावर उभं राहायचं आणि पुन्हा माथा. खाली यायला वीस-पंचवीस सेकंद. माणसाच्या हातात काहीही नसलेले हे वीस-पंचवीस सेकंद. आणि त्यांच्या आजूबाजूचे चार महिने मात्र पूर्णपणे कारभाऱ्यांच्या हातात!

पहिला घोळ तारखेचा. आपल्याला वाटतं, हिवाळा आहे, बर्फ आहे, जायचं एखाद्या शनिवारी. कारभारी अशा माणसाकडे करुणेनं बघतात. डिसेंबर बाद, कारण अर्धी मंडळी भारतात गेलेली. जानेवारीत संक्रांत, आणि संक्रांत म्हणजे हळदीकुंकू, आणि ते रथसप्तमीपर्यंत चालणार. अमेरिकेत हळदीकुंकू तिथीला नाही, शनिवारी होतं. एकेका शनिवारी दोन-दोन घरी वाण लुटायचं असतं, त्यामुळे समस्त वहिनीवर्ग बाद. रविवारी सकाळी मुलांची मराठी शाळा. शिवाय मार्टिन ल्यूथर किंग दिनाचा जोड-वीकएंड जानेवारीत आणि प्रेसिडेंट्स डेचा फेब्रुवारीत. या दोन्ही वेळी निम्मं न्यूयॉर्क पेनसिल्वेनियातल्या पोकोनोच्या डोंगरांत, म्हणजे आम्ही जातो तिथेच, उतरतं, तेव्हा ते दोन्ही बाद. मार्चमध्ये बर्फाची लापशी होते.

उरतो फेब्रुवारीतला दुसरा रविवार. म्हणजे सुपर बोलचा, अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा दिवस. कारभाऱ्यांच्या मते हा देवाने खास मराठी माणसासाठी राखून ठेवलेला रविवार आहे. त्या दिवशी सगळी अमेरिका कोंबडीचे पंख तळण्यात गुंतलेली असते आणि डोंगर मोकळा मिळतो. आपल्या घरातली इथे जन्मलेली मुलंही अमेरिकाच आहेत, हे त्यांना सोळा वर्षांच्या चिरंजीवांनी कळवलं. सामना संध्याकाळी साडेसहाला. तेव्हा सकाळचं पहिलं सत्र, नऊचं. मराठी शाळेला सुट्टी मागायचा अर्ज कारभाऱ्यांनी सर्वांच्या वतीने, शुद्ध मराठीत केला.

तारीख ठरली की हवामान. इथे कारभाऱ्यांना साधं तापमान चालत नाही. त्यांना वेट बल्ब लागतो, म्हणजे हवेचा कोरडेपणा-दमटपणा हिशेबात धरलेलं तापमान. पोकोनोतला बहुतेक बर्फ आभाळातून पडलेला नसतो, तोफेतून उडवलेला असतो. पाण्याचे बारीक थेंब दाबाच्या हवेबरोबर फवारतात; त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेल्याला गार करून जातं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ गारेगार होतो आणि मुंबईत नुसताच ओला होतो, त्यातलाच हा प्रकार. हवा कोरडी असेल तर पारा शून्याच्या जरा वर असतानाही बर्फ बनतो. दमट असेल तर शून्यालाही बनत नाही. वेट बल्ब उणे दोनच्या खाली गेला की कारभाऱ्यांचा चेहरा फुलतो. जानेवारीतल्या मध्यरात्री ग्रुपवर त्यांचा निरोप येतो: 'उणे पाच. तोफा चालू असणार.' सीमेवरून आल्यासारखा.

एकदा त्यांनी आम्हाला इतिहासही ऐकवला. कनेटिकटमधल्या मोहॉक माउंटनवर १९५० च्या सुमारास एक कोरडा हिवाळा आला, तेव्हा तिथल्या मालकाने शेकडो टन बर्फाच्या लाद्या मागवल्या, त्या भरडल्या आणि उतारावर पसरल्या. त्याच सुमारास त्याच राज्यातल्या तिघांनी बर्फाची तोफ तयार केली. "म्हणजे गोळेवाला आधी, मशीन नंतर," असं कुणीतरी म्हणालं. कारभाऱ्यांनी तेही शीटच्या 'इतर माहिती' या रकान्यात टाकलं.

मूळच्या पुणेकरांनी लक्षात घ्यावं अशी एक बाब त्या रकान्यात नाही. आम्ही ज्या पोकोनोच्या डोंगरांकडे चार महिने तोंड करून बसतो, त्यातला प्रसिद्ध कॅमलबॅक समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर भरतो. पुणे शहर ५६० वर आहे. म्हणजे डेक्कनवर स्कूटर लावतानाच आपण जवळपास पोचलेले असतो.

शीटविषयी. तिला सात पानं असतात. 'माणसं', 'गाड्या', 'खाणं', 'कपडे', 'उंची', 'पैसे' आणि 'धोके'. कपड्यांच्या पानावर सुती कापडाला बंदी आहे, कारण ते भिजतं आणि भिजलं की अंगाला चिकटून थंडी आत घेतं. जीन्सपुढे लाल चौकोन. हातमोजे माणशी दोन जोड, कारण पहिली जोडी मुलं पट्ट्यावरच बर्फ चाटून ओली करतात. कारभाऱ्यांच्या आई सध्या इथे आहेत. (आईवडील एरवी मे महिन्यात येऊन थंडीच्या आत परततात, हिवाळ्यात येतात ते फक्त बाळंतपणाला. धाकट्या सुनेला मुलगी झाली.) त्यांच्या नावापुढे 'माकडटोपी – स्वतःची' अशी नोंद आहे.

उंचीचं पान भावनिक. काही पार्कांत ३६ इंच चालतात, काही ४२ मागतात. आम्ही जाणार त्या ठिकाणी ४२, आणि एका घरची कन्या साडेएक्केचाळीस. कारभारी नोव्हेंबरपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टेप घेऊन त्यांच्याकडे जात. डिसेंबरात पाव इंच वाढ नोंदली गेली तेव्हा ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश आले, मुलीच्या आईने फोटो टाकला. जानेवारीत वाढ शून्य. "बुटांचे तळ एक इंचाचे आहेत," असं कारभाऱ्यांनी शेवटी जाहीर केलं, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं. आकड्याशी केलेली लबाडी त्यांना रात्री झोपू देत नाही.

'धोके' हे पान वाचायचं नसतं. प्रत्येक पार्कात आधी एक करारनामा सही करावा लागतो, ज्याचा सारांश असा की तुम्हाला काही झालं तर ते तुमचं तुम्ही केलेलं आहे. माणसं तो न वाचता बोट फिरवून सही करतात. कारभारी तो वाचतात, पिवळे पट्टे ओढतात आणि सर्वांना पाठवतात. आईंचा प्रवास विमाही त्यांनी काढून वाचला. त्यात साहसी खेळ वगळलेले निघाले. "मला कुठे घसरायचंय? मी न्हाणीत घसरले तेव्हा विचारलंस का विम्याचं?" असं आई म्हणाल्या. तरी त्यांच्या नावापुढे 'प्रेक्षक' असं लिहिलं गेलं.

आता निघण्याची वेळ. हे त्या शीटमधलं सर्वांत नाजूक प्रकरण, कारण तिथे दोन रकाने आहेत: 'खरी वेळ' आणि 'सांगायची वेळ'. एडिसनहून पोकोनो दीड तास. खरी निघायची वेळ सव्वासात, सांगायची पावणेसात. हे दोन रकाने कारभाऱ्यांनी लपवले होते, पण कुणाच्या तरी मुलाने ते उघडून दाखवले. तेव्हापासून सगळ्यांनी सांगितलेल्या वेळेत आपापला अर्धा तास मिळवायला सुरुवात केली. कारभाऱ्यांनी ते ओळखून सव्वासहा सांगितलं. लोकांनी ते ओळखून... थोडक्यात, शेवटी निरोप आला तो पहाटे पाच पन्नासचा, आणि माणसं निघाली सात पस्तीसला. एक कुटुंब मात्र खरोखरच पाच पन्नासला पार्किंगमध्ये येऊन थांबलं होतं. ते नुकतंच टेक्सासहून आलंय. त्यांना अजून कारभाऱ्यांची सवय नाही.

रस्ता सरळ, आय-८०. डेलावेअर वॉटर गॅपला नदी ओलांडली की पेनसिल्वेनिया. त्या पुलावर जाताना टोल पडतो, येताना नाही. न्यू जर्सी सोडायचे पैसे, परतणं फुकट. कारभाऱ्यांनी हेही माणशी विभागून पैशांच्या पानावर टाकलंय, त्यात लहान बाळाचाही वाटा दिसतो. मी विचारलं तर म्हणाले, "गाडीत जागा घेतलीच ना तिने." पण हेच कारभारी पाच कुटुंबांची तिकिटं स्वतःच्या कार्डावर काढतात, पैसे परत मिळणार नाहीत ही अट स्वतःच्या छातीवर घेतात, आणि आपण महिना-महिना देणं लांबवतो तेव्हा तोंडाने एक अक्षर काढत नाहीत, फक्त शीटमध्ये आपलं नाव नारिंगी होतं. आम्ही सगळे त्यांची टिंगल करतो. आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी एकानेही आजवर एखाद्या सहलीचं नुसतं पार्किंगसुद्धा ठरवलेलं नाही. इथे मामा नाहीत, थोरले काका नाहीत, टेम्पो ठरवणारे शेजारी नाहीत. कारभारी नसते तर सगळे फेब्रुवारीभर आपापल्या तळघरात सोफ्यावर पडून, 'भेटलं पाहिजे यार' असं एकमेकांना लिहीत बसलो असतो.

पार्कात बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. त्यामुळे दशम्या, लसणाची चटणी आणि थर्मासातला चहा यांचा कार्यक्रम डिकी उघडून, पार्किंगमध्ये, उणे चारात पार पडला. चटणी गोठली होती. लोक ती चमच्याने फोडून खात होते आणि वाखाणत होते.

मग प्रत्यक्ष ट्यूबिंग. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही; मुलं किंचाळली, मोठी माणसंही किंचाळली. बेचाळीस इंचांच्या काठीपाशी त्या मुलीला कुणी थांबवलंच नाही, आणि कारभारी उगाच निराश झाले. ट्यूबांच्या दोऱ्या धरून साखळी करायला त्या दिवशी परवानगी होती. जड साखळी जास्त वेगाने जाते, म्हणून त्यांनी वजनांनुसार पाच जणांचा क्रम आखून आणला होता. वजनं लोकांनी खोटी सांगितली होती. साखळी वाकडी झाली आणि कडेच्या भिंतीला घासत, उलटी फिरत, चटयांच्याही पुढे गेली.

कारभारी स्वतः दोन तास खालीच. गळ्यात चार फोन, खिशांत सगळ्यांच्या किल्ल्या, हातात स्टॉपवॉच. शेजारी घडीच्या खुर्चीत आई, माकडटोपीत. सत्र संपायला दहा मिनिटं उरली तेव्हा वहिनी आल्या, त्यांनी किल्ल्या काढून घेतल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुझं तिकीट वाया जातंय." वाया हा शब्द त्यांना बरोबर लागला. ते पट्ट्यावर चढले.

माथ्यावरच्या पोराने त्यांना विचारलं, सरळ की गिरकी? कारभाऱ्यांनी प्रतिप्रश्न केला: गिरकी घेतल्यास वेळ वाढतो का? पोरगा कॉलेजातला होता, मागे रांग होती. त्याने ट्यूबच्या कडेला हात घातला आणि भोवऱ्यासारखी फिरवून सोडून दिली.

आम्हाला खालून फक्त आळीपाळीने दिसत होतं: चेहरा, पाठ, चेहरा, पाठ. टोपी अर्ध्या वाटेत उडाली. चष्मा एका कानावर. ट्यूब चटयांवर येऊन थांबली ती पाठमोरी, आणि कारभारी तिच्यात आभाळाकडे पाय करून पडले होते. वहिनी धावल्या. आई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

त्यांनी हात वर केला. हातात स्टॉपवॉच होतं.

"एकोणीस!" ते ओरडले. "मी बावीस धरले होते. तीन सेकंद वाचले!"

"तीन सेकंद वाचले तर मी जाऊन येते," असं म्हणून आई पट्ट्याकडे निघाल्या.