बागायती पट्ट्यातील जिरायती पक्षी

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या शेजारशेजारच्या तालुक्यांत पारगाव नावाची गावे एकाहून अधिक असल्यामुळे कागदोपत्री त्यांच्या नावाला 'तर्फे' जोडावे लागते. तर्फ म्हणजे जुन्या महसुली व्यवस्थेतील गावांचा गट, आणि त्यानुसार एक पारगाव तर्फे आळे ठरते, तर दुसरे पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. प्रस्तुत विवेचनाला दोन्ही गावे सारखीच उपयोगी आहेत, कारण कुकडी प्रकल्पातील धरणांचे पाणी कालव्यांनी फिरल्यापासून या पट्ट्यातील पुष्कळ जमीन जिरायतीची, म्हणजे केवळ पावसावर पिकणारी, न राहता बागायती झाली, बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला आणि आंबेगावातील पारगावाजवळ, दत्तात्रयनगरला, भीमाशंकर सहकारी साखर कारखानाही आला. अशा सुबत्तेत घराच्या पडवीला जे नवे दागिने चढतात, त्यांत तारेच्या पिंजऱ्यातील बजरीगर या ऑस्ट्रेलियन पक्ष्याची जोडी हा एक होय.

या पक्ष्याला घरोघरी 'लव्हबर्ड' म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा असून तो निराळा, परंतु ही दुरुस्ती आजवर एकाही दुकानदाराने मनावर घेतलेली दिसत नाही, तेव्हा अभ्यासकानेही तिच्यात आयुष्य घालवू नये. बजरीगर हा सुमारे 18 सेंटिमीटर लांबीचा आणि 30 ते 40 ग्रॅम वजनाचा पोपटकुळातील पक्षी असून 1805 मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि 1840 मध्ये जॉन गुल्ड यांनी तो जिवंत स्थितीत इंग्लंडला नेला. आपल्याकडील लाल चोचीचा राघू पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा असल्यामुळे पोपटाची हौस या परदेशी चुलतभावावर भागवली जाते; म्हणजे स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या घरालाही येथे कायद्याने परदेशी मालच घ्यावा लागतो.

या पक्ष्याचे सारे गृहस्थजीवन समजून घ्यावयाचे तर त्याचा मूळ मुलूख ध्यानात घेतला पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात हे पक्षी थव्यांनी भटकतात, आणि जेथे पाऊस पडून गवताला दाणा धरतो तेथे उतरून झाडांच्या ढोल्यांत अंडी घालतात. पाऊस नसेल तर लग्न नाही, दाणा नसेल तर संसार नाही, असा त्यांचा शिरस्ता. ऋतूवर न बसता सुकाळावर बसलेले हे वेळापत्रक वाळवंटात अत्यंत शहाणपणाचे ठरते. पारगावच्या पडवीत मात्र वाटी रोज भरलेली, पाणी रोज ताजे आणि ढोलीच्या जागी भोक पाडलेले मडके बारा महिने टांगलेले असल्यामुळे, पक्ष्याच्या हिशेबी आषाढ कधी संपतच नाही. जन्मजात जिरायती असलेल्या प्राण्याला एकाएकी कायमचे आवर्तन मिळाले, म्हणजे कालव्याचे पाणी ठरलेल्या पाळीने न येता अखंड वाहू लागले, तर तो जे करील तेच बजरीगर करतो. फरक इतकाच की त्याला ऊस लावता येत नाही, म्हणून तो अंडी घालतो.

त्याच्या खाण्याचा प्रश्न अधिक मौजेचा आहे. या पक्ष्याचे मुख्य अन्न राळे आणि बाजरी. राळे हे बारीक, पिवळसर दाण्यांचे भरडधान्य असून ज्या काळी तांदूळ सणावारी शिजे त्या काळी गरिबाघरी राळ्याचा भात होत असे. पुढे पाटाच्या पाण्याने आणि रेशनच्या गव्हाने ते ताटातून हद्दपार केले. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, भरडधान्यांच्या गुणांवर भाषणे झाली, परंतु राळ्याशी रोजचा आणि निष्ठेचा संबंध ठेवणारा घटक अनेक घरांत पिंजऱ्यातच सापडतो. घरातील आजी त्या वाटीकडे पाहून "आम्ही हेच खाऊन वाढलो" असे म्हणते तेव्हा नातवंडे आजीकडे नव्हे, पक्ष्याकडे आदराने पाहतात, आणि उसाच्या पैशातून त्याच्यासाठी राळे विकत आणले जाते.

ही वाटी जवळून पाहण्यासारखी असते. बजरीगर दाणा गिळत नाही. तो चोचीत फिरवून, जिभेने दाबून, टरफल तेवढे बाहेर टाकतो आणि गर खातो. ती टरफले पुन्हा वाटीतच पडून त्यांचा एक फुगीर, सोनेरी थर जमतो, ज्यामुळे वाटी सकाळपेक्षा संध्याकाळी अधिक भरलेली दिसते. "काहीच खाल्लं नाही बघा यांनी," असा निष्कर्ष काढून घरातील कर्ता पुरुष दाणा घालण्याचे टाळतो, आणि भरल्या वाटीपुढे पक्षी उपाशी राहतो. धान्य पाखडण्याची विद्या ज्या घरात पिढ्यान् पिढ्या होती, तेथे वाटीवर एक फुंकर मारून पाहण्याचे कोणाला सुचत नाही, हे कृषिसंस्कृतीच्या ऱ्हासाचे लक्षण मानावे की केवळ आळसाचे, याविषयी मतभेद संभवतात. दाण्याखेरीज कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकुळ या समुद्री प्राण्याच्या अंगातील पांढरे कवच, पिंजऱ्याला अडकवावे लागते. आणि कोथिंबीर-पालक द्यायचा तर नीट धुऊन, कारण त्यावर काय काय फवारले आहे हे शेतकऱ्याच्या घरात निदान ठाऊक तरी असते.

जोडी खरेदी करण्याच्या विधीत वधूवरपरीक्षा असते, परंतु परीक्षकांना वधू कोणती आणि वर कोणता हेच माहीत नसते. चोचीच्या मुळाशी, नाकपुड्यांभोवती, मेणासारखी एक पट्टी असते. ती साधारणतः वयात आलेल्या नराची निळी आणि मादीची तपकिरी असते. कोवळ्या पिल्लांत दोघांचीही गुलाबी-जांभळट दिसत असल्याने त्या वयात "जोडीच आहे, डोळे झाकून न्या" या आश्वासनावर विसंबून घरी आणलेले दोन नर पुढे कित्येक महिने एकमेकांना प्रेमाने दाणा भरवीत राहतात, आणि घरची माणसे मडक्यात रोज डोकावून नवसाची तयारी करतात. उलट दोन माद्या आणि एक मडके असा योग आला तर मालमत्तेचा जो वाद पेटतो, तो पाहून बांधाच्या वादात मुरलेल्या माणसानेही हात टेकावेत.

योग जुळला तर मादी एक दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते आणि बहुधा पहिल्यादुसऱ्या अंड्यापासूनच उबवायला बसते. उबवणीस सुमारे 18 दिवस लागतात, म्हणून पिल्लेही एकाच दिवशी न निघता दिवसाआड निघतात. परिणामी एकाच मडक्यात थोरल्याला पिसांचे कोंब फुटलेले असताना धाकटे अजून डोळे मिटलेला गुलाबी मांसाचा गोळा असते, आणि एकत्र कुटुंबात धाकट्याच्या वाट्याला काय येते याचा प्रत्यय तेथे येतो. या काळात मादी मडक्याबाहेर क्वचितच येते. नर तिला दाराशी येऊन पोटातला दाणा ओकून भरवतो, आणि घरातील स्त्रिया त्याचे हे वर्तन मोठ्या आवाजात, कोणाला तरी ऐकू जाईल अशा बेताने वर्णन करतात. पाचव्या आठवड्याच्या सुमारास पिल्ले बाहेर पडतात. दोन हिरव्या पक्ष्यांच्या पोटी कधी एक आकाशी पिल्लू निघते, तेव्हा शेजारणींच्या भुवया उंचावतात. वास्तविक हिरवा रंग प्रभावी आणि निळा अप्रभावी असल्याने, दोन्ही हिरव्या आईबापांत निळ्याचा गुण दडलेला असेल तर चारांत एक पिल्लू निळे निघण्याचा संभव असतो, आणि मादीच्या चारित्र्याला मेंडेलच्या नियमांचा पूर्ण पाठिंबा असतो.

बोलण्याविषयीच्या अपेक्षा या परिसरात मुळातच चढ्या आहेत. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी परंपरेप्रमाणे जुन्नर तालुक्यातील आळे येथे आहे, तेव्हा रेडा जे करू शकला ते पोपटाला का जमू नये, हा प्रश्न तर्कशुद्धच म्हणावा लागेल. कॅलिफोर्नियातील पक नावाच्या बजरीगराच्या नावावर 1,728 शब्दांचा गिनेस विक्रम आहे. मात्र बोलतो तो बहुधा नर, तोही एकटा वाढवलेला. ज्याला बोलायला स्वजातीय सोबती आहे तो माणसाशी बोलण्याची तसदी सहसा घेत नाही, आणि त्याच्या जागी कोणीही असता तर तेच केले असते.

संरक्षणाची बाब थोडक्यात सांगता येते. उसात बिबट्या मुक्कामाला असल्यामुळे दिवेलागणीनंतर माणसे, शेळ्या आणि कुत्री जाळीच्या आत जातात, आणि ज्याच्यासाठी मुळात जाळी आणली होती त्या पक्ष्याला त्या वेळी भरपूर सोबत मिळते. त्याचा खरा शत्रू मात्र घरातलीच मांजर.

उरतो तो संख्येचा प्रश्न. दोनाचे सात आणि सातांचे वीस झाल्यावर यजमान उदार होतो. मंचरच्या मेहुण्याला, नारायणगावच्या मामांना, चाकणला नोकरीस असलेल्या पुतण्याला प्रत्येकी एक जोडी 'भेट' मिळते, आणि घरचे झाले थोडे नि व्याह्याने धाडले घोडे या उक्तीचा अनुभव तीन गावांना एकदम येतो. कोणी पिंजऱ्याचे दार उघडून भूतदया दाखवतो, परंतु पिढ्यान् पिढ्या वाटीवर वाढलेल्या या पक्ष्याला येथे दाणा शोधता येत नाही आणि कावळ्यांपासून जीव वाचवता येत नाही, त्यामुळे ती दया दिवसभरही पुरत नाही. मादीचेही हाल होतात. सतत अंडी घालून तिच्या अंगातील कॅल्शियम संपते आणि अंडे आतच अडकून ती दगावते. म्हणून पडवीत बजरीगर असणाऱ्यांनी एवढे अवश्य करावे: मडके वर्षातून फार तर दोनदा टांगावे, पिल्ले निघून गेली की ते उतरवून माळ्यावर ठेवावे, आणि पुन्हा टांगण्यापूर्वी मेहुण्याला एकदा फोन करून विचारावे.