उठवणारे काकाजी

वर्धेच्या बसस्थानकावर नागपूरची गाडी फलाटाला लागते न लागते, तोच खिडक्यांतून रुमाल, ओढण्या, दप्तरे आणि एखादे पोट्टेही आत जाते. काकाजी असल्या प्रकारात पडत नाहीत. ते दाराशी उभे राहून "हे काय रीत झाली का जी?" असे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारतात. दोनचार जण ओशाळून थबकतात, तेवढ्यात काकाजी आत. गुडघ्याचे दुखणे जुने आहे, पण ते चढताना नसते. बसल्यावर सुरू होते.

वय सदुसष्ट. म्हणजे तिकीट अर्धे, आवाज पूर्ण. पांढरा सदरा, खिशात लॅमिनेशन केलेले आधार कार्ड, हातात कापडी पिशवी आणि तिच्यात बुटीबोरीच्या लेकीसाठी गोरसपाकाचा पुडा. खिडकीची सीट काकाजींची, शेजारची पिशवीची. कोणी विचारलेच तर "मानूस येऊन राह्यला" असे उत्तर तयार. गाडी पवनारला धामच्या पुलावर आली तरी हा माणूस येतच असतो. एकदा कंडक्टर मॅडमनी तिकिटाचे मशीन पुढे धरून विचारले, "काकाजी, पिशवीचं फुल देऊ का हाफ?" गाडी हसली, काकाजीही हसले. पिशवी मांडीवर यायला मात्र सेलू जवळ आले.

पण जागा अडवणारे छप्पन आहेत. त्यासाठी कोणी व्यक्तिचित्र लिहीत नाही. काकाजींची खरी विद्या वेगळी. ते सौजन्य करत नाहीत, करवून घेतात. गाडीत एखादी म्हातारी, लेकुरवाळी किंवा काठीवाले आजोबा चढले की त्यांच्याकडे पहिली नजर जाते ती काकाजींची. यात खोट काढायला जागा नाही. कळवळा शंभर नंबरी असतो. फक्त तो फेडायला ते दुसऱ्याला लावतात.

"ए पोट्ट्या! दिसून नाही राह्यलं का तुले? कानातलं काढ पहिले. ऊठ, मावशीले बसू दे."

पोट्टा कॉलेजचा. पहाटेच गावाहून निघालेला, वर्ध्याला गाडी बदललेला, नुकता टेकलेला. तो उठतो.

"राहू द्या जी, मी सेलूलेच उतरतो," मावशी म्हणतात.

"असं कसं? बसा तुमी!"

मावशी बसतात ते केवळ काकाजींना वाईट वाटू नये म्हणून. पाच मिनिटांत सेलू येते, त्या उतरतात. पोट्टा पुन्हा टेकणार, एवढ्यात काकाजींना केळझरचे ओळखीचे गुरुजी उभे दिसतात. "या गुरुजी, या! तो पोरगा उभा राहते. जवान आहे." पोट्टा बुटीबोरीपर्यंत दांड्याला लोंबकळतो आणि काकाजी गुरुजींना सांगतात, आजकालच्या पोरांत संस्कार राहिले नाहीत बाप्पा.

२६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. गाड्या भरल्या, उभ्या प्रवाशांत आज्या आणि मावश्या वाढल्या. महामंडळाला काय लाभ झाला तो झाला असेल, काकाजींचे कार्यक्षेत्र मात्र दुपटीने वाढले. आता एका फेरीत तीनचार पोट्टे सहज उठतात. स्वतः ते बसतात त्या सीटच्या वर 'आमदार' असे रंगवलेले आहे. कोणी बोट दाखवले तर म्हणतात, "इतक्या वर्षांत आमदार पाह्यला का तुमी एसटीत? मी त्याहिची जागा राखून राह्यलो."

या जिल्ह्यात बोलता बोलता बापूंचा दाखला आला नाही तर बोलणे पुरे झाल्यासारखे वाटत नाही, आणि काकाजी तो देतातच: "बापू थर्ड क्लासनं फिरले!" खरेच आहे. १९३६ साली सेवाग्रामला येऊन राहण्याच्या कितीतरी आधी, १९१७ मध्ये, गांधीजींनी मुंबई ते मद्रास असा तिसऱ्या वर्गाचा प्रवास करून त्यावर सविस्तर लिहिले होते. डबा बावीस जणांचा. पुण्यापर्यंत गर्दी आवरली, कारण आतले दांडगे बाहेरच्यांना शिरूच देत नव्हते. पुढे रायचूरनंतर रेटारेटी असह्य झाली, आणि हातघाईची वेळ टळली ती काही वडीलधाऱ्या प्रवाशांच्या मध्यस्थीने. हे वडीलधारे काकाजींच्याच घराण्यातले असावेत, अशी माझी दाट शंका आहे. फक्त मध्यस्थी करताना ते बसलेले होते की उभे, एवढे काही बापूंनी लिहिलेले नाही.

काकाजी शिष्टाचाराला पक्के आहेत, हे खर्र्याच्या वेळी कळते. केळझर मागे पडले की ते पन्नी काढतात, तळहातावर दोन मिनिटे मन लावून घोटतात, शेजारच्याला आग्रह करतात. नंतर खिडकीबाहेर मान काढायच्या आधी मागे वळून म्हणतात, "काच लावून घ्या जी." मागच्या सीटवरची बाई लगबगीने काच सरकवते. सांगून थुंकणे ही सभ्यता आणि न सांगता थुंकणे हा गलिच्छपणा, असा हा हिशोब आहे. काच अडकलेली निघाली तर ते महामंडळाला शिव्या देतात. वाट पाहत मात्र नाहीत.

बुटीबोरी आली की सीटचे मृत्युपत्र होते. जावई तिथल्या एमआयडीसीत, त्यामुळे काकाजींना इथेच उतरायचे. उठण्याच्या दोन किलोमीटर आधीपासून ते वारस शोधू लागतात. शेजारी ताटकळत उभा असलेला पोट्टा वारसांत येत नाही. चार रांगा पुढे उभी असलेली कोणी ताई निवडली जाते आणि ती येईपर्यंत काकाजी अर्धे उठून, अर्धे बसून, सीटवर हात ठेवून गाडी थांबवून धरतात. ड्रायव्हर हॉर्न देतो. कंडक्टर मॅडम बेलच्या दोरीला हात लावून उभ्या. ताई पोचते. काकाजी खाली उतरतात, खिडकीतून ताईंना "नीट जा" म्हणतात आणि त्यांनी हात जोडलेले पाहूनच वळतात.

आर्वीच्या, हिंगणघाटच्या, पुलगावच्या गाडीतही असे एकेक काकाजी असतात. दोन गाड्यांना मिळून एखादी काकूही सापडते. त्यांच्याशी वाद घालू नका. मुद्दा त्यांचा बरोबरच असतो, त्यामुळे तुम्ही हरणार. तरुण वाचकांना उपाय एकच सांगतो: मावशी पायरीवर दिसली की काकाजींनी तोंड उघडायच्या आत उठा. उभे तर तसेही राहावे लागणारच आहे. निदान श्रेय तरी त्यांना मिळू देऊ नका.