उंचीच्या पट्टीशी भांडणाऱ्या गृहस्थांस

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायचा रिवाज आहे. तुम्हाला लिहिताना ‘सप्रेम’ हा शब्द हातून उतरत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. इमॅजिका पार्कमध्ये ‘नायट्रो’ या पाळण्याच्या रांगेत तुम्ही आमच्या पुढे होतात आणि रात्री हॉटेलच्या जेवणघरात आमच्या शेजारच्या टेबलावर. “त्या पोराची नोकरी घालवल्याशिवाय राहणार नाही,” हे वाक्य तुम्ही सूप यायच्या आधी एकदा आणि गुलाबजाम खाताना पुन्हा एकदा म्हणालात. नंतर रिसेप्शनवर उभं राहून तक्रारीचा मजकूरही मोठ्याने सांगितलात. तक्रार सगळ्यांना ऐकू जाईल अशी केलीत, तेव्हा उत्तरही सगळ्यांना वाचता येईल असं देते.

आधी घडलं काय ते, कारण तुमच्या तक्रारीत ते नव्हतं. रांगेच्या तोंडाशी उंचीची पट्टी आहे. तुमचा मुलगा तिच्यापाशी उभा राहिला तेव्हा त्याच्या टाचा बुटातून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. पट्टीपाशी उभ्या असलेल्या तरुणाने त्याला बूट काढायला सांगितलं. बुटातून हॉटेलच्या पांढऱ्या सपातांचे कापलेले तळवे निघाले. आमच्याही खोलीत त्याच सपाता होत्या, म्हणून लगेच ओळखले. बुटाशिवाय मुलगा खुणेपेक्षा दोन बोटं कमी भरला. “साहेब, पुढच्या वर्षी आणा त्याला, मी स्वतः बसवतो,” असं तो तरुण म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला. त्यावर तुम्ही त्याला ‘ए’ म्हणून हाक मारलीत, तिकिटाचे पैसे ऐकवलेत, मॅनेजरला बोलाव म्हणालात. आणि मग मुलाकडे वळून, “तुला नीट ताठ उभं राहता येत नाही?” असं ओरडलात. सपाता तुम्ही कापल्यात आणि बोलणी मुलाला खावी लागली.

इमॅजिका 2013 साली सुरू झालं. आमच्या घरातली मुलं मात्र तिथे पहिल्यांदाच आली होती, तुमचीही बहुधा तशीच. नवी जागा, दोन दिवसांचा मुक्काम, मुलाचा हट्ट, हे सगळं मी समजू शकते. पण ज्या पाळण्यासाठी तुम्ही एवढा तमाशा केलात तो नेमका काय आहे, हे तुम्ही रांगेतल्या तेवढ्या वेळात एकदाही वर मान करून पाहिलं नाहीत.

नायट्रो हा फ्लोअरलेस कोस्टर आहे. माणसं बसली की स्टेशनातली फळी पायांखालून सरकते आणि पाय हवेत लोंबतात. मग गाडी सुमारे 40 मीटर उंचीवर चढते, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येते आणि पाच वेळा माणसाला उलटं करते. या साऱ्यात शरीराला धरून ठेवतो तो खांद्यांवरून छातीवर उतरणारा हार्नेस. गाडी चढावाच्या माथ्यावरून एकदम खाली वळते तेव्हा अंग मात्र वरच जायला बघतं. त्या क्षणी खांदे हार्नेसखाली घट्ट हवेत, कंबर सीटच्या मागच्या टोकाला टेकलेली हवी. मुलाचा बांधा तेवढा झाला आहे का, याचा रांगेत उभ्याउभ्या घेता येणारा सोपा अंदाज म्हणजे उंची. टाचेखाली सपाता कोंबल्याने खांदे रुंद होत नाहीत. सीटवर मूल बसतं, बूट नाही. आणि आत तुकडे कोंबून सैल झालेला बूट लोंबत्या पायातून सुटला, तर तो खाली चालणाऱ्या एखाद्याच्या डोक्यात बसू शकतो, हे तर तुमच्या मनातही आलं नसेल.

हार्नेस लागला की नाही, हे यंत्राला कळतं. त्याच्या आत कोण बसलं आहे, हे यंत्राला कळत नाही. ते बघायला पट्टीपाशी एक माणूस असतो आणि सीटपाशी हार्नेस ओढून पाहणारा दुसरा. यातल्या पहिल्यालाच तुम्ही घरी बसवायला निघालात.

नियम सैल केले की काय होतं, हे सांगायला मला कल्पना लढवायची गरज नाही. अमेरिकेत कॅन्सस सिटीला ‘फेरुक्ट’ नावाची घसरगुंडी होती, पन्नास मीटरहून उंच, जगातली सर्वांत उंच म्हणून गाजलेली. तिच्यासाठी आधी किमान 14 वर्षं वयाची अट ठरली होती, ती पुढे काढून टाकली. 2016 मध्ये तिच्यावर दहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. 2022 मध्ये ऑरलँडोत उंचावरून खाली सोडणाऱ्या पाळण्यातून 14 वर्षांचा मुलगा पडून मेला. तो अंगाने थोराड होता, पाळण्याच्या वजनमर्यादेबाहेरचा. त्याच्या सीटचा सेन्सर हाताने बदलून ठेवला होता, त्यामुळे हार्नेस पुरता खाली आला नसतानाही पाळणा सुटला. म्हणजे लहान चणीच्या मुलाला जसा नियम आहे तसाच मोठ्या चणीच्यालाही आहे, आणि दोन्हींमागे एकच कारण आहे. हे दोन्ही नियम ज्यांनी मोडले ते पार्कवाले होते. तुमच्या रांगेतल्या पार्कवाल्याने नियम पाळला, आणि मोडायला तुम्ही पुढे सरसावलात.

आपल्याकडे 2019 मध्ये अहमदाबादच्या कांकरियात पाळणा तुटला, दोघांचा जीव गेला. तेव्हा सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: तपासणी कोण करत होतं? प्रश्न रास्तच होता. पण तपासणारा माणूस आपल्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याला आपण काय वागणूक देतो, हेही विचारलं पाहिजे. उन्हात तासन्‌तास पट्टीपाशी उभं राहायचं, शेकडो पालकांना ‘नाही’ म्हणायचं आणि प्रत्येकाचा राग झेलायचा. ते काम तो न चिडता करत होता. माझ्या मते त्या दिवशी तिथे त्याच्याएवढं मोलाचं काम दुसरं कुणी करत नव्हतं.

तुमच्या मुलाबद्दलही बोलायचं आहे. त्याला मी आदल्या दिवशी ‘राजासॉरस’च्या होडीत पाहिलं होतं, तुम्ही तेव्हा बाहेर फोनवर होतात. होडी धबधब्यासारखी खाली आपटली तेव्हा तो भिजून चिंब झाला आणि लगेच पुन्हा रांगेत धावला. राजासॉरस या डायनासोरची हाडं नर्मदेच्या खोऱ्यात सापडली, असं तो माझ्या भाचीला सांगत होता, आणि बरोबरच सांगत होता. एवढा चौकस मुलगा आहे तुमचा. त्याला नायट्रो हवाच होता की तो तुम्हाला हवा होता, हे तुम्ही त्याला विचारा. माझ्या भाचीने मात्र रांगेतच मला विचारलं, “आत्या, असं केलं तर चालतं?” ती त्याच्याहून बुटकी आहे. तुमच्यामुळे तो प्रश्न त्या रांगेतल्या किती मुलांच्या मनात आला असेल!

आता मागणं. हॉटेलमध्ये आणि पार्कमध्ये केलेली तक्रार लेखी मागे घ्या. तुमच्या तक्रारीशेजारी आम्हीही आमचा अभिप्राय लिहून आलो आहोत, त्यात बूट आणि तळवे या दोन्हींचा उल्लेख आहे, तेव्हा ‘उर्मट कर्मचारी’ एवढ्यावर हे निभावणार नाही. मुलासमोर त्या तरुणाला फोन करून माफी मागा. पार्कमध्ये विचारलंत तर नाव कळेल. पुढच्या वर्षी मुलाला घेऊन जा, तेव्हा तो खुणेपर्यंत पोचला असेल. आणि कापलेल्या सपातांचे पैसे हॉटेलला पाठवून द्या, ते तुमच्या बिलात लागलेले नाहीत.

रांगेत तुमच्या मागे उभी असलेली,
एक आत्या