सरकार सुटीवर, समाज ड्युटीवर

विलायतेत समाज बिघडला की पंतप्रधान भाषण करतात. २०१० साली डेव्हिड कॅमेरून साहेबांनी लिव्हरपूलला जाऊन ‘बिग सोसायटी’ची घोषणा केली. वाचनालय बंद पडतंय? तुम्हीच चालवा. गावात बस येत नाही? तुम्हीच आणा. सरकार जरा बाजूला सरकेल, समाजानं पुढे यावं. सरकार दिल्या शब्दाला जागलं आणि खरंच सरकलं. पुढच्या काही वर्षांत इंग्लंड-वेल्समधले सुमारे २०,००० पोलीस कमी झाले. मधल्या काळात, २०११ च्या ऑगस्टात, टॉटनहॅमपासून दंगल पेटत जाऊन लंडनची दुकानं लुटली गेली, तेव्हा साहेबांनी निदान केलं की समाजाची नैतिक घसरण झाली आहे. सरकारची घसरण झाल्याचं निदान खुर्चीवर बसून कुणालाच करता येत नाही. तो आजार विरोधी बाकांवरूनच दिसतो.

साहेबांचं एकच चुकलं. लिव्हरपूलऐवजी त्यांनी नागपूरला यायला हवं होतं, आणि नागपुरातही थेट जरीपटक्याला. ‘बिग सोसायटी’चा पायलट प्रोजेक्ट आम्ही त्यांच्या सहा वर्षं आधीच पूर्ण करून, फाइल बंद करून मोकळे झालो होतो.

तसा लोकसहभाग जरीपटक्याला नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून सगळं सोडून आलेली माणसं इथं वसली आणि त्यांनी रिकाम्या हातानं बाजारपेठ उभी केली. आजही सकाळी दाल-पकवान खायला अख्खं शहर इकडे येतं. पण आमचा प्रकल्प या बाजारपेठेतला नव्हे. तो शेजारच्या कस्तुरबानगरातला. बहुतांश दलित, हातावर पोट असलेल्यांची वस्ती. हद्द जरीपटका पोलीस ठाण्याची.

याच वस्तीत लहानाचा मोठा झालेला अक्कू यादव दहा वर्षांहून जास्त काळ वस्तीवर राज्य करत होता. खंडणी, मारहाण, खून, आणि बायकांवर अत्याचार. कायदे नव्हते म्हणावं, तर तसंही नाही. झोपडपट्टी दादांना स्थानबद्ध करण्याचा कायदा महाराष्ट्रानं १९८१ सालीच केलेला. तडीपारीची तरतूद तर त्याहून जुनी. अक्कूला अटकही झाली, डझनभरापेक्षा जास्त वेळा. कामाची वाटणी अगदी चोख होती : पोलिसांनी धरायचं, जामिनावर सुटून त्यानं परत यायचं आणि वस्तीनं सोसायचं. तक्रार द्यायला गेलेल्या बाईचं नाव ती घरी पोचायच्या आत अक्कूपर्यंत पोचतं, असा वस्तीचा आरोप होता. बाकी कुठल्या सरकारी खात्यात कागद इतक्या वेगानं फिरतो, सांगा!

२००४ च्या उन्हाळ्यानंतर गाडं बिघडलं. वस्तीतल्या उषा नारायणे या शिकलेल्या मुलीनं तोंड उघडलं, म्हणून टोळी तिच्या घरावर चालून आली. तिनं पोलिसांना फोन केला, पण वेळेवर कुणी आलं नाही. मग तिनं गॅस सिलिंडर उघडला आणि दाराबाहेरच्यांना बजावलं, आत याल तर सगळेच उडू. टोळी मागे सरली. हा प्रसंग तिनं स्वतःच पुढे मुलाखतीत सांगितलाय. गृहखात्याच्या अंदाजपत्रकात सिलिंडर कधी धरलेला आठवत नाही, पण त्या दिवशी वस्तीतला बंदोबस्त त्यानंच केला.

नंतर वस्तीनं अक्कूचं घर पाडलं आणि तो पोलिसांच्या आश्रयाला गेला. १३ ऑगस्ट २००४, शुक्रवार. त्याला जिल्हा न्यायालयात आणणार, आणि हा पुन्हा सुटणार, ही बातमी वस्तीत आधीच पोचलेली. कोर्ट नंबर ७ मध्ये बायकांचा जमाव शिरला. भाजी चिरायचे चाकू आणि तिखट. वरणाला फोडणी द्यायचं घरचं तिखट, पुडीत बांधून आणलेलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं संपलं.

आणि मग सरकार जागं झालं! इतकी वर्षं ज्या वस्तीची हद्द सापडत नव्हती, तिथं तडक अटका झाल्या. पाच बायकांना धरलं, तर बाकीच्या म्हणू लागल्या, आम्हालाही धरा, आम्ही सगळ्याच होतो. एवढ्या कोठड्या कुठून आणायच्या, हा प्रशासनापुढचा पहिला खरा लोकसहभागाचा पेच. बायकांना आरोपी नव्हे, पीडित समजा, असं शंभरावर वकिलांनी म्हटलं. निवृत्त न्यायमूर्ती भाऊ वाहने यांनीही जाहीरपणे बायकांची बाजू घेतली. खटला मात्र चालला. दहा वर्षं चालला, आणि २०१४ साली उरलेले १८ आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. काही तोवर वारलेही होते. कोर्टात, दिवसाढवळ्या झालेला खून कोर्टातच सिद्ध झाला नाही.

तेव्हा आम्ही शहरवासीयांनी टाळ्या वाजवल्या. धरमपेठेत, सिव्हिल लाइन्सला, चहाच्या कपासोबत. ‘रणरागिणी’ म्हटलं, ‘दुर्गा’ म्हटलं. बाईला देवी केलं की तिची तक्रार लिहून घ्यायची गरज उरत नाही, ही आपली जुनी सोय. त्या बायकांना दुर्गा व्हायचं नव्हतं हो. त्यांना ठाण्यात बाकावर बसून, हवालदारानं नीट ऐकून, एफआयआरची प्रत हातात दिलेली हवी होती. जमावानं माणूस मारणं हा न्याय नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणूनच तर त्या आधी ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होत्या. पायरी झिजते, ठाणेदार झिजत नाही.

पुढे मनोरंजनाचंही काम मार्गी लागलं. २०२१ मध्ये ‘२०० हल्ला हो’ चित्रपट आला, २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका. कस्तुरबानगर कुठं आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी ते सोफ्यावर बसून बघितलं. सरकारही मागे नव्हतं. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आणली : भांडणं तुमची तुम्ही मिटवा, बक्षीस आम्ही देऊ. शहरात महिला दक्षता समित्या, मोहल्ला समित्या, पोलीस मित्र. वाईट काहीच नाही त्यात. फक्त एक लक्षात ठेवा बापा, ‘समाजाची जबाबदारी’ म्हणून जे येतं, ते काम असतं. अधिकार त्याच्यासोबत कधी येत नाही. लंडन असो की जरीपटका, सरकार जबाबदारी खाली ढकलतं आणि शिक्का वर ठेवतं.

म्हणून आमची शासनाला नम्र सूचना, की या यशस्वी प्रयोगाचा रीतसर जीआर काढून टाकावा. मसुदा आम्हीच देतो. योजनेचं नाव : ‘आपली वस्ती, आपलं ठाणं’. पात्रता : अर्जदारानं किमान दहा वर्षं सोसलेलं असावं, सोसल्याचा पुरावा तीन प्रतींत जोडावा. पुरावा देणारा साक्षीदार जिवंत असल्यास प्राधान्य. गॅस सिलिंडर, तिखट इत्यादी साहित्य लाभार्थ्यानं स्वखर्चानं आणावं, अनुदान मिळणार नाही. कार्यवाही पूर्ण झाल्यावर पोलीस पंचनाम्यासाठी तत्काळ हजर होतील. उशीर खपवून घेतला जाणार नाही. प्रसिद्धीचे हक्क ओटीटी कंपनीकडे राहतील. आणि शेवटची, सगळ्यांत महत्त्वाची अट : आधी गुन्हा नोंदवून घ्या, असा हट्ट धरणाऱ्यांना या योजनेचा लाभ मिळणार नाही.